वाचक विचारतात: विद्यापीठांच्या वनस्पती उद्यानांविषयी

मागच्या अंकात जुन्या विद्यापीठीय वनस्पती उद्यानांवर लेख होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच आहे: आमच्या महाविद्यालयाच्या आवारात, इथल्या उन्हात आणि चुनखडीच्या जमिनीत असं काही उभं करता येईल का? येतं. पण कामाची सुरुवात खड्ड्यापासून न करता नोंदवहीपासून करावी लागते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत.

प्रश्न: इटलीतल्या पादुआची बाग जगातली सर्वात जुनी असं लेखात म्हटलं होतं. एवढ्या जुन्या काळी विद्यापीठाला बागेची गरज का पडली? आणि साध्या बागेत आणि वनस्पती उद्यानात नेमका फरक काय?
(पंढरपूर)

गरज पडली ती औषधांतल्या भेसळीमुळे. सोळाव्या शतकात वैद्यकाचे विद्यार्थी वनस्पती पुस्तकातून शिकत आणि बाजारात मुळी विकणारा सांगेल ते खरं धरत. पादुआ विद्यापीठात औषधी वनस्पतींचं स्वतंत्र अध्यापन १५३३ मध्ये फ्रान्चेस्को बोनाफेदे यांच्याकडे आलं. खरी वनस्पती आणि तिच्या नावावर खपणारी दुसरी, या दोन्ही विद्यार्थ्यांना जिवंत दाखवता याव्यात म्हणून जागा हवी, असा त्यांचा आग्रह होता. पादुआवर तेव्हा राज्य करणाऱ्या व्हेनिसच्या सिनेटने १५४५ मध्ये बागेला मंजुरी दिली. औषधी झाडांची चोरी इतकी व्हायची, की काही वर्षांतच बागेभोवती गोल भिंत घालावी लागली. पिसाची बाग याच्या थोडी आधीची, पण तिची जागा बदलत गेली. मूळ जागी टिकलेली म्हणून पहिला मान पादुआचा. तिथे १५८५ मध्ये लावलेला एक ताडवर्गीय वृक्ष अजून जिवंत आहे. गटे या जर्मन कवीने १७८६ मध्ये तो पाहिला होता आणि आता तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

फरकाचं म्हणाल तर तो नोंदीचा आहे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाची बाग १५९० ची. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथे लावलेल्या झाडांची १५९४ ची यादी शिल्लक राहिली आणि तिच्याच आधारावर चारशे वर्षांनंतर त्या बागेचा एक भाग पुन्हा तसाच मांडता आला. झाडं मेली तरी यादी राहिली. कोणतं झाड, कुठून आलं, कोणी आणलं, कधी लावलं आणि कशाने मेलं, या पाच गोष्टी जिथे सांगता येतात ते वनस्पती उद्यान. आवार दोन गुंठ्यांचं असलं तरी हरकत नाही.

प्रश्न: महाविद्यालयात नक्षत्रवन, म्हणजे प्रत्येक नक्षत्राचं एक झाड असलेली बाग केली. कोकणातल्या रोपवाटिकेतून नागकेशर आणत असताना सोबत सीता अशोक आणि सुरंगीही आणली. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, कडा करपल्या. युरिया घातला, पाणी वाढवलं, उपयोग झाला नाही.
(जुळे सोलापूर)

पत्रासोबतच्या फोटोंत दोन वेगळी दुखणी दिसतात. ती वेगळी ओळखल्याशिवाय उपाय चालणार नाही.

पहिलं दुखणं लोहाच्या कमतरतेचं. शेंड्याकडची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, ही त्याची खूण. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, म्हणून इथे युरियाचा उपयोग झाला नाही. जमिनीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच) आठच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट त्यात भर घालतं, म्हणजे पाणी वाढवल्याने दुखणं वाढलं. खात्री करायची तर खड्ड्यातली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसली तर मोकळा चुना आहे.

सामू उतरवण्यासाठी अनेक जण गंधक घालायला सांगतात. इथे तो सल्ला मानू नका. एक किलो चुना निष्प्रभ करायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागतं. एक घनमीटर खड्ड्यात साधारण १३०० किलो माती बसते. तिच्यात पाच टक्के चुना असला तर तो झाला ६५ किलो आणि त्याला गंधक लागेल २० किलोच्या वर. शिवाय बाजूच्या मातीतून आणि पाण्यातून चुना येतच राहणार.

तात्पुरता उपाय फवारणीचा. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट. पाणी शक्यतो पावसाचं घ्या. बोअरच्या पाण्यात द्रावण लगेच तांबूस होतं. तसं झालं म्हणजे लोह वाया गेलं, ते फवारू नका. ऊन उतरल्यावर फवारा, दर १५ दिवसांनी, दोन-तीन वेळा. जुनी पिवळी पानं पूर्ण सुधारत नाहीत, नव्या पालवीचा रंग बघा. मुळाशी द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं लोह) घ्या. दुकानात सहसा ईडीटीए प्रकारचं पुढे करतात. ते स्वस्त असतं, पण सात-साडेसातच्या वरच्या सामूत टिकत नाही. पाकिटावरचं अक्षरन् अक्षर वाचून घ्या.

दुसरं दुखणं करपलेल्या कडांचं. ते क्षारांचं आणि कोरड्या वाऱ्याचं आहे. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, तपासून घ्या. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चिंता नाही, २.२५ च्या वर गेली तर ते पाणी या झाडांना देऊ नका. रोज थोडं थोडं पाणी दिल्याने क्षार मुळांच्या थरातच साठतात. पाणी कमी वेळा द्या पण खोलवर द्या, म्हणजे क्षार खाली उतरतात. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून आठ-दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन करा. मार्च ते जून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा.

एवढं केल्यावर सीता अशोक भिंतीच्या पूर्वेला, मोठ्या झाडाच्या सावलीत तग धरू शकतो. नागकेशर आणि सुरंगी जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत घ्या: दोन भाग तांबडी माती, एक भाग पानांचं कुजलेलं खत, एक भाग जाड वाळू. छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवा. नक्षत्रांच्या यादीत राळ, वेत, नागकेशर असे ओल्या जंगलांतले रहिवासी आहेत, तसे आपल्या मातीतलेही आहेत: मृगाचा खैर, चित्रेचा बेल, धनिष्ठेची शमी, श्रवणाची रुई. आधी हे मोठे करा. त्यांची सावली पडू लागली की मग पाहुण्यांचा विचार करता येईल.

प्रश्न: वनस्पतींचे नमुने दाबून वाळवले की पावसाळ्यात पानं काळी पडतात आणि बाभूळ-चिंचेची पानं गळून जातात. कपाटात ठेवलेल्या जुन्या नमुन्यांना बारीक भोकं पडली आहेत. काय चुकतं?
(बार्शी, प्राध्यापक)

पान काळं पडतं ते हळू वाळल्यामुळे. वर्तमानपत्र ओलं झालं की पुढचं पाणी ते शोषत नाही आणि पान त्याच ओलीत शिजल्यासारखं होतं. पहिला कागद २४ तासांच्या आत बदलायलाच हवा. त्याच वेळी पान मऊ असतं, म्हणून सुरकुत्या काढायच्या आणि निदान एक पान उलटं करायचं, म्हणजे खालची बाजू, लव, शिरा दिसतात. एकदा ताठ झाल्यावर हे जमत नाही. पुढचे चार दिवस रोज कागद बदला, मग दिवसाआड. आपल्याकडे एप्रिलमध्ये नमुना पाच दिवसांत वाळतो, ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस घेतो. दर चार-पाच नमुन्यांमागे खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचा एक तुकडा घाला. त्याच्या नळ्यांमधून हवा खेळते. दाबपट्टी (ज्यात नमुने दाबून ठेवतो ती चौकट) पंख्यासमोर उभी ठेवा. उन्हात ठेवू नका, रंग उडतो. वाळला की नाही हे गालाला लावून बघा. गार लागला तर ओल शिल्लक आहे.

बाभूळ, चिंच, हिवर यांची पर्णिका (संयुक्त पानातलं एकेक छोटं पान) गळते कारण दाबपट्टीतही ती काही काळ जिवंत असते आणि देठाशी सुटण्याची तिची नेहमीची क्रिया चालू राहते. फांदी दाबण्याआधी उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवा, टिपकागदाने टिपा, मग दाबा. फुलं मात्र बुडवू नका, ती वेगळी काढून स्वतंत्र कागदात वाळवा. शेर, निवडुंग, कोरफड यांनाही हीच युक्ती. जाड खोडाचा उभा काप घेऊन आतला गर चमच्याने काढला तर आठवड्यात वाळतं, नाहीतर महिनाभर दाबपट्टीतच कोंब फुटतात. गवत मुळासकट घ्यायचं. लांब असेल तर व्ही किंवा एन अक्षरासारखं दुमडा, कापू नका.

चिकटवण्याचा कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा, जाड, पांढरा. सेलोटेप वापरू नका. ती दोन-तीन वर्षांत पिवळी पडून सुटते आणि तिचा गोंद कागदात उतरतो. पातळ केलेला पांढरा गोंद आणि जाड देठांना सुती दोऱ्याचे टाके, हे उत्तम. गळलेल्या बिया आणि फुलं कागदी पाकिटात घालून त्याच पानावर चिकटवा. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी. त्यात शास्त्रीय नाव, कुळ, गावातलं नाव, ठिकाण तालुक्यासकट, अक्षांश-रेखांश, जमीन कशी, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. वाळल्यावर जे दिसणार नाही ते आवर्जून लिहा: फुलाचा रंग, वास, चीक होता का, झाडाची उंची. बॉलपेनची शाई फिकी पडते, पेन्सिल टिकते.

भोकं पाडतो तो तंबाखूलाही लागणारा बारीक तपकिरी भुंगा. पूर्वी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते जहाल विष आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नये आणि जुने नमुने हाताळतानाही हातमोजे घालावेत. आता गोठवणं हाच चांगला मार्ग. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे २० अंशाला आठवडाभर ठेवा. घरगुती फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, त्यात दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि बुरशी येते. एक दिवस तशीच राहू द्या. हे काम वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करा. कोणताही नवा नमुना गोठवल्याशिवाय कपाटात जाऊ देऊ नका. बहुतेक कपाटांत कीड शिरते ती याच वाटेने.

आणखी एक. प्रत्येक महत्त्वाच्या वनस्पतीचे तीन नमुने करा आणि एक पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे ओळख पटवण्यासाठी द्या. नाव नंतर बदललं तरी कोणत्या झाडाविषयी बोलत होतो, हे तो नमुना सांगतो.

प्रश्न: आवारात शंभरेक झाडं आहेत. रंगवलेल्या पाट्या उन्हाने वर्षभरात पुसल्या जातात, काही चोरीला जातात. पाटी आणि क्रमांकाची टिकाऊ पद्धत सांगाल का?
(मोहोळ)

पाटी हरवली तरी चालेल अशी पद्धत हवी. म्हणजे माहिती वहीत, झाडावर फक्त क्रमांक, आणि आवाराचा नकाशा. प्रत्येक झाडाला कायमचा क्रमांक द्या, उदाहरणार्थ २०२५-०१४७-०२. आलं ते वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक आणि त्या आवकेतलं कितवं रोप. झाड मेलं तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, त्याच्यापुढे मेल्याची तारीख आणि कारण लिहा. ‘दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलं’ अशा चार नोंदी एका जातीच्या पुढे दिसल्या, की पाचवं रोप आणायचं की नाही ते कळतं.

उगमाचा रकाना रिकामा सोडू नका. जगभरच्या उद्यानांत त्यासाठी चार रोमन अक्षरं चालतात: रानातून थेट आणलं तर डब्ल्यू, रानातून आणलेल्या झाडाची बागेत वाढलेली संतती असेल तर झेड, बागेतलंच असेल तर जी आणि ठाऊक नसेल तर यू. तुमच्या शंभरातल्या बहुतेकांपुढे यू येईल. येऊ द्या. अंदाजाने लिहिलेला उगम रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस तो खरा धरतो.

पाटीसाठी एक मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि अक्षरं ठोक्याने उमटवा. रंग उडाला तरी उमटलेलं अक्षर वाचता येतं. पट्टी खोडाच्या उत्तरेला, छातीच्या उंचीवर. तार गुंडाळू नका. खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरायची वाट तुटते. मोठ्या झाडाला स्टेनलेस स्टीलचा एकच खिळा, दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ठेवून, मध्ये छोटी स्प्रिंग. कोवळ्या झाडाला खिळाही नको, शेजारी जमिनीत रोवलेली खुंटी पुरते. दिवाळीच्या सुट्टीत एकदा वही घेऊन पूर्ण आवाराची मोजणी करा.

प्रश्न: घराच्या कुंपणावर गुळवेल आहे. ती खरी गुळवेल कशी ओळखायची?
(अक्कलकोट)

खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाकृती आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं. जुन्या खोडावरची साल कागदासारखी सुटते, आतून हिरवं दिसतं आणि दोऱ्यासारखी हवाई मुळं लोंबतात. पानाची खालची बाजू मखमली लागली तर ती तिची बहीण, टिनोस्पोरा सायनेन्सिस. खोडावर ठळक चामखिळींसारखे उंचवटे असतील तर टिनोस्पोरा क्रिस्पा. औषधात अपेक्षित असते ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. अशोकाचंही असंच आहे. औषधातली साल सीता अशोकाची, आणि रस्त्याकडेला उंच सरळ वाढणारा, लांब नागमोडी कडेच्या पानांचा तो खोटा अशोक. सीता अशोकाच्या नावाखाली त्याची साल खपते. बोनाफेदे पादुआत ज्यासाठी झगडले ती अडचण अजून जशीच्या तशी आहे. ओळख पटली तरी पोटात घेण्याआधी वैद्यांना दाखवा.

प्रश्न: संस्थेकडे पाच एकर ओसाड माळ आहे. तिथे वृक्षलागवड करून वनस्पती उद्यान करायचा विचार आहे. कोणती झाडं लावावीत?
(सांगोला)

त्यातला निदान निम्मा माळ तसाच ठेवा, ही आमची कळकळीची विनंती. ज्याला ओसाड म्हणतात त्यात पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, तरवड, हिंगणबेट, बोर अशी झुडपं आणि पावसाळ्यात चार आठवडे दिसून जाणारे कितीतरी कंद असतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते अशाच गवताळ माळासाठी. माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावलीने गवत जातं आणि गवतावर जगणारं सगळंच जातं. युरोपातल्या जुन्या उद्यानांनी दूरदेशीची झाडं जमवली. सोलापूरच्या उद्यानाने इथला माळ जमवावा. तो दुसरं कोणी जमवणार नाही.

काम सोपं आहे. दोन वर्षं चराई बंद करा. विलायती बाभूळ मुळापासून काढा, नुसती तोडली तर दुप्पट फुटते. गवत डिसेंबरनंतर, बी गळून गेल्यावर कापा. दर पावसाळ्यात तेच दहा चौरस ठरवून, एक मीटर बाय एक मीटरचे, त्यातल्या प्रत्येक जातीची नोंद घ्या. काटेरी झुडपांच्या आधाराने चढणारी, कंदिलाच्या आकाराची फुलं येणारी वेल दिसली तर उपटू नका. फोटो काढा आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जपण्याचं मोठं काम तिथल्या उद्यानात झालं आहे.

उरलेल्या भागात कुंपणाला लागून हिवर, खैर, शमी, भोकर लावा. बी पन्नास किलोमीटरच्या आतलं घ्या.

प्रश्न: परदेशी विद्यापीठांची उद्यानं एकमेकांना बिया पाठवतात असं वाचलं. आम्हाला मागवता येतील का?
(विजापूर रोड, विद्यार्थिनी)

उद्यानं दरवर्षी बियांची यादी काढतात आणि दुसऱ्या उद्यानांना विनामूल्य पाठवतात. ही देवघेव शतकांपासून चालू आहे. पण ती संस्थांमध्ये चालते, व्यक्तीला सहसा मिळत नाही. आपल्याकडे बी आणायला आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. इथलं बी बाहेर पाठवायचं तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. एक तांत्रिक अडचणही आहे. उद्यानात जवळजवळ लावलेल्या बहिणी-बहिणींमध्ये, म्हणजे नात्यातल्या जातींमध्ये, परागण होतं, त्यामुळे पाकिटावरचं नाव आणि उगवलेलं रोप जुळेलच असं नाही. म्हणून रानातून गोळा केलेलं बी असेल तेच मागवतात.

खबरदारीचं कारण ऑक्सफर्डमध्ये सापडतं. १६२१ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या उद्यानात सिसिलीच्या एट्ना ज्वालामुखीवरून आलेली पिवळ्या फुलांची एक वनस्पती भिंतीबाहेर पडली. पुढे रेल्वे आल्यावर रुळांखालची खडी तिला ज्वालामुखीच्या राखेसारखीच मानवली आणि ती इंग्लंडभर पसरली. आपल्याकडची घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली होती. नवी जात आणलीत तर पहिली दोन वर्षं कुंडीत ठेवा आणि बी धरण्याआधी फुलं खुडा. कुंडीखालच्या फरशीच्या फटींत तिची रोपं उगवताना दिसली, तर ती जमिनीत लावू नका.